चार फुटवे

त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी नऊच्या सुमाराला चंद्रानं मला दवाखान्यातून घरी पाठवलं.

सहा दिवस ती पुण्यात दवाखान्यात होती. साध्या तापाचा न्यूमोनिया झाला होता. सहाव्या दिवशी ताप उतरला. तिनं वाटीभर पेज घेतली आणि रेश्माकडून वेणी घालून घेतली. रेश्मा आमची एकुलती मुलगी, नांद्याला दिलेली. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो.

“अवं, हितं बसून काय करताय?” चंद्रा म्हणाली.

“तुज्यापाशी बसलोय.”

“मी काय पळून चाललेय व्हय? घरी जावा. झाडास्नी सा दिस पानी न्हाई.”

“आजून येक दिस न्हाई मिळालं तर काय मरत्यात का?”

“मरत्यात. नुकतीच फोडलीयात ती. मुळांस्नी आजून जीव न्हाई.” मग तिनं बोटं मोजत मला सांगितलं. पिशवी काढायची नाही. वरची गाठ सोडायची, हात आत घालून दोनदा शिंपडायचं आणि लगेच गाठ बांधायची. पाणी ड्रममधलंच. नळाचं नाही, बोअरचं नाही. आणि मूळ धरलं का ते ओढून बघायचं नाही.

“बरं,” मी म्हणालो.

“बरं न्हाई. म्हनून दावा.”

मी सगळं म्हणून दाखवलं. शिंपडायचं चुकून राहिलं, तशी रेश्मा हसायला लागली. चंद्रा म्हणाली, “अठ्ठावीस वर्सं उरवड्याच्या कंपनीत मशिनीला तेल घातलंय तुज्या बापानं. झाडाला पानी घालायला सांगितलं की घाम फुटतो.”

हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. माझ्याशीही नव्हतं, रेश्माशी होतं.

मुळशीला घरी पोचायला सव्वाबारा झाले. मी चप्पल काढली आणि सरळ मागच्या मोरीत गेलो. आमची मोरी उत्तरेला आहे, तिथं ऊन येत नाही. तीन कुंड्या कट्ट्यावर होत्या आणि चौथी खाली कोपऱ्यात. चारींवर काड्या रोवून पारदर्शक पिशव्या बांधलेल्या. पहिलीला पाणी शिंपडलं, दुसरीला शिंपडलं. तिसऱ्या पिशवीत हात असताना फोन वाजला.

“दादा,” रेश्मा म्हणाली. पुढं तिला बोलता येईना. मग तिच्या हातातून कोणा बाईनं फोन घेतला आणि मला सांगितलं, की तुमच्या पत्नीला अचानक श्वास लागला, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले.

मी फोन खिशात ठेवला. तिसऱ्या पिशवीची गाठ बांधली. चौथ्या झाडाला पाणी घातलं नाही.

त्या झाडांबद्दल सांगायला हवं. आशालताबाई म्हणून एक बाई धरणाच्या वरच्या अंगाला बंगल्यात राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. चंद्रा त्यांच्याकडे चौदा वर्षं कामाला होती. आधी भांडी आणि केर, मग हळूहळू झाडं. बाईंकडे घटपर्णी होत्या. त्या झाडाच्या पानाच्या टोकाला तार येते आणि तारेच्या टोकाला झाकणाचं भांडं येतं. भांड्यात पाणी असतं. त्यात मुंग्या, माश्या पडतात, झाड त्या खातं. चंद्रा त्याला चंबूचं झाड म्हणायची. हे झाड कुठल्या तरी लांबच्या देशातल्या उंच डोंगरावरचं. त्याला खत चालत नाही, क्षाराचं पाणी चालत नाही, आणि रात्री गारवा लागतो.

चार वर्षांपूर्वी बाईंना मुलानं कोथरूडला नेलं. बंगला विकला, तिथं आता रिसॉर्ट आहे. बाकीची झाडं बाईंनी बरोबर नेली, सगळ्यात मोठं चंद्राला दिलं. पुण्याच्या उकाड्यात बाईंची झाडं दोन उन्हाळ्यांत गेली. तेव्हा चंद्रानं त्यांना फोनवर सांगितलं, “माजं झाड फुटवं धरतंय. जरा मोठं झालं की फोडते आन येक तुमास्नी आनून देते.”

जानेवारीच्या शेवटी तिनं झाड फोडलं. मी समोर बसून बघत होतो. ब्लेड गॅसवर धरलं, झाड कुंडीतून काढलं, मुळं ड्रममधल्या पाण्यात धुतली. चार फुटवे मोकळे केले. कापलं तिथं दालचिनीची पूड लावली. पानं कात्रीनं निम्मी छाटली. मला ते बघवेना. मी म्हणालो, “येवडं चांगलं झाड, कशाला कापतीयास?”

“भाताची लावनी करताना काय करता? उपटताच ना? पंधरा दिस पिवळं पडतं, मग उटतं. हे बी उटंल. चंबू वाळतील, त्याकडं बघायचं न्हाई. मधला शेंडा हिरवा हाय का तेवडं बघायचं.”

त्यानंतर दहा दिवसांनी तिला ताप आला.

संध्याकाळी पाचला तिला घरी आणलं. अंगणात भावकी जमली. माझी थोरली चुलत भावजय साळूबाई आमच्याकडची सगळ्यात मोठी बाई. सत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू, पण असल्या वेळी तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. आमच्यात माणूस गेलं, की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. हंडा, कळशी, पिंप, सगळं. तिरडी बांधायला सुरुवात झाली आणि बायकांनी पाणी ओतायला घेतलं.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. वहिनी वाकून माझ्या कानाशी आली.

“भावजी, मागं निळं डराम हायेत तीन. त्येंच्यात बी पानी हाय. वतायचं ना?”

ते पाणी मला माहीत होतं. मागच्या जुलैत पत्र्याला पन्हळ मीच बसवली होती. चंद्रानं पहिले आठ दिवस पावसाला पत्रा धुऊ दिला, मग पाणी धरलं, कापडानं गाळलं, तोंडाला फडकी बांधली. सहाशे लिटर. जूनपर्यंत पुरवायचं होतं. मुळशीत पाऊस इतका पडतो, की चार महिने कपडे वाळत नाहीत, पण फेब्रुवारीत थेंब मिळत नाही.

मी वहिनीकडं बघितलं. माझ्या मनात एकच होतं. या झाडांना पाणी घालायला मी आलो, आणि ती तिकडं गेली. मी मान हलवली.

हंड्याचं पाणी ओतलं तर पटकन जिरतं. हे थांबेना. घराच्या कडेनं ओघळ आला, तिरडी बांधणाऱ्यांच्या पायाखालून गेला आणि रस्त्याला लागला. एकानं बांबू उचलून बाजूला घेतला. मी शेवटपर्यंत बघितलं. उठलो नाही, बोललो नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून मागं वळायच्या आत. सगळ्यांना बरं वाटलं. वहिनी म्हणाली, “सुटली बाई. मागं काय ठेवलं न्हाई तिनं.” मी मान खाली घालून उभा होतो.

तेरावं झालं, पाहुणे गेले, रेश्माही नांद्याला परत गेली. तेव्हा मी मागच्या दाराला गेलो. तेरा दिवस मोरीत पाहुण्यांची धुणी चालली होती. कुणीतरी कट्ट्यावरच्या कुंड्या उचलून बाहेर पायरीवर ठेवल्या होत्या. पहिल्या दोन उन्हात होत्या. पिशवीच्या आत पानं शिजल्यासारखी काळी झाली होती. तिसरी ड्रमच्या सावलीत होती, म्हणून वाचली होती. ड्रम रिकामे, पालथे घातलेले. चौथी मोरीच्या कोपऱ्यात जिथल्या तिथं होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

मी पायरीवर बसलो. तोपर्यंत मी रडलो नव्हतो. त्या दोन काळ्या झाडांपुढं बसून रडलो. तेवढ्यात वहिनी भाकरी घेऊन आली. तिनं कुंड्या बघितल्या, पालथे ड्रम बघितले, आणि तिला कळलं.

“ते पानी झाडाचं हुतं व्हय?”

मी डोळे पुसले.

“आगं बाई. मी वतलं. माज्या हातानं वतलं.” ती खाली बसली. “चंद्रा मला म्हनली हुती की, डरामाला हात लावू नगा म्हनून. गेल्या दिवाळीत म्हनली हुती. माज्या ध्यानातच आलं न्हाई. मी तुमास्नी इचारलं बी, पर तुमी शुद्धीवर कुटं हुता.”

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे वैनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती दारात उभी. डोक्यावर कळशी. डोंगराच्या पोटात एक झरा आहे, आमच्या घरापासून वीस मिनिटं चढ. तिला चाळीस लागत असतील.

“झऱ्याचं हाय. पावसाचंच की ते, डोंगरानं धरल्यालं. झाडाला घाला.”

चंद्राकडं पाण्यातले क्षार मोजायचं एक यंत्र होतं, पेनाएवढं, आशालताबाईंनी दिलेलं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पन्नासच्या आत असेल तरच झाडाला, असं चंद्राचं ठरलेलं. वहिनी गेल्यावर मी ते कळशीत बुडवलं. एकशे अठरा. ते पाणी मी माठात ओतलं आणि प्यालो.

तिसऱ्या झाडाचा शेंडा अजून हिरवा होता, पण पानं मऊ पडली होती. मला वाटलं, उकळलं की पाणी शुद्ध होतं. दवाखान्यातही उकळलेलंच पाणी देत होते. मी बोअरचं पाणी अर्धा तास उकळलं, गार केलं, कापडानं गाळलं आणि त्याला शिंपडायला लागलो. आकडा बघितलाच नाही. यंत्र तिथंच खिळ्याला लटकत होतं.

चौथ्या झाडाला मी हात लावला नाही. त्याच्याजवळ गेलं, की खिशातला फोन वाजेल असं वाटायचं. पिशवीच्या आत दव धरलेलं दिसायचं, म्हणजे ओल होती. तेवढं बघून मी परत फिरायचो.

आठ-दहा दिवसांनी आशालताबाईंचा फोन आला. त्यांना रेश्मानं कळवलं होतं. त्या म्हणाल्या, “नथूभाऊ, झाडं आहेत का?”

“दोन हायेत.”

“पाणी कुठलं घालता?”

“पावसाचं.”

“चंद्रानं साठवलेलं ना? मग काळजी नाही. तिच्यासारखं पाणी मीसुद्धा कधी धरलं नाही.”

मी बोअरचं उकळून घालतो, असं सांगितलं असतं तर बाईंनी तिथंच थांबवलं असतं. ते सांगितलं तर सहाशे लिटरचं काय झालं तेही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या झाडाच्या बुडाशी पांढरा थर धरला. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग शेंडा. शेवटी मी तेही केलं जे तिनं नको म्हटलं होतं. शेंडा चिमटीत धरून जरासं ओढलं. झाड हातात आलं. खाली एकही पांढरं मूळ नव्हतं. तेव्हा कुठं यंत्र काढलं आणि उकळलेल्या पाण्यात बुडवलं. चारशे चाळीस. बोअरच्या कच्च्या पाण्यापेक्षा जास्त. पाणी उडून गेलं होतं, क्षार मागं राहिले होते.

मग एकच राहिलं.

मार्चच्या मध्याला दुपारी अंगणात उभं राहवेना. चौथ्या पिशवीतलं दव कमी झालं. आता त्याला पाणी द्यायलाच हवं होतं, आणि गारवाही. उन्हाळ्यात चंद्रा काय करायची ते मला माहीत होतं. धरणावर मासे विकणाऱ्या शंभूकडून तिनं थर्माकोलचा खोका आणला होता. संध्याकाळी झाड त्यात ठेवायची, कडेनं बर्फाच्या बाटल्या. सकाळी काढायची. तो खोका आजही मासळीचा वास मारतो. मी तो माळ्यावरून काढला आणि बाटल्यांसाठी फ्रीजचं वरचं दार उघडलं.

त्या दिवशी बायकांनी फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्याही ओतल्या होत्या. वरचं दार कुणी उघडलं नव्हतं. बर्फ होता, पाणी नव्हतं, म्हणून कुणाच्या मनातही आलं नसेल. सात बाटल्या होत्या. सातही भरलेल्या, गच्च गोठलेल्या. तिनं उन्हाळ्याची तयारी आधीच करून ठेवली होती.

मला एकदम आठवलं. मागच्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, बाटल्यांत तरी नळाचं भर, ते काय झाडाला घालायचंय? ती म्हणाली होती, “बाटली गळली तर थेंब कुटं पडनार? झाडावरच ना?”

एक बाटली काढून ताटात ठेवली. वितळेपर्यंत तिच्यापुढं बसलो. यंत्र बुडवलं. नऊ.

मागच्या जुलैचं पाणी. तिनं कापडानं गाळलेलं.

मी चौथ्या पिशवीची गाठ सोडली. गाठ तिची होती, दवाखान्यात जायच्या आधी बांधलेली. मला ती सोडायला वेळ लागला. हात आत घातला आणि दोनदा शिंपडलं. लगेच परत बांधली. माझी गाठ तिच्यासारखी बसली नाही.

तेव्हापासून रोज तेच करतो. संध्याकाळी सहा बाटल्या झाडाभोवती, सकाळी परत फ्रीजमध्ये. सातवीतलं थोडं थोडं शिंपडायचं. सातवी संपली तेव्हा सहावी घेतली, मग पाचवी, अशा एकेक. बाटल्या कमी झाल्या तसा खोक्यात बर्फ कमी पडायला लागला. मग रिकाम्यांत मी बोअरचं भरलं, पण त्या बाटल्या दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळतो. गळली तर थेंब आतच राहावा.

एप्रिलच्या शेवटी मधून नवं पान निघालं. चंद्रानं सांगितलं होतं तसं मी फक्त शेंड्याकडं बघत होतो, त्यामुळं पानाच्या टोकाची तार मला उशिरा दिसली. आता तिच्या टोकाला चवळीच्या दाण्याएवढा चंबू आहे. त्याचं झाकण अजून बंद आहे. आशालताबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “म्हणजे मूळ धरलं हो. जगलं ते.” त्यांनी आपल्या फुटव्याचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. एकच आहे, ते फोडता येणार नाही. बाई आता ब्याऐंशीच्या आहेत.

वहिनी अजून रोज येते. अडीच महिन्यांत तिनं एक दिवस चुकवला नाही. परवा गुडघा इतका सुजला होता, की कळशी दारात उतरवून ती तिथंच बसली. मी म्हणालो, “वैनी, आता नगा आनू. झाड जगलंय.”

“जगलं?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दावा बगू.”

मी तिला मोरीत नेलं, पिशवीतूनच चंबू दाखवला. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. तिला तो दिसला की नाही, कोण जाणे.

“येवडुसा?” ती म्हणाली. “येवड्यासाटी चंद्रा डरामाला फडकी बांधायची?”

“व्हय.”

“लई खुळी हुती.” आणि ती रडायला लागली. “माज्या पान्यानं जगलं, न्हवं? मी वतलं, मीच आनून घातलं. फिटलं का वं भावजी?”

“फिटलं,” मी म्हणालो.

“तर मग पाऊस लागंस्तवर आनते. मदीच सोडलं आन काय झालं तर?”

मी तिला थांबवायला हवं होतं. तिच्या पाण्याचा एक थेंबही त्या झाडाला घातलेला नाही. ते सगळं मी प्यालोय. तिनं विचारलं होतं आणि मी मान हलवली होती. तिला वाटतं, मी शुद्धीवर नव्हतो.

आज मेची सोळा तारीख. फ्रीजमध्ये चंद्राच्या दोन बाटल्या उरल्यात. सकाळी सातला वहिनी कळशी घेऊन आली, तिच्यासाठी चहा ठेवला, ती दोन घोट पिऊन गेली.

मी शुद्धीवर होतो, हे तिला सांगायचं राहिलंय.